पाण्यात बेचाळीस

१

त्याला सगळे लाइव्हभाऊ म्हणत. नवऱ्याला भाऊ म्हणणं बायकोला काही जमेना, म्हणून ती नुसतं 'लाइव्ह' म्हणे. चिडवायला कारणही होतं म्हणा. माणूस कुठेही गेला की ह्याचे अंगठे सुरू. मॅच असो, मतमोजणी असो, नाहीतर पुलाचं उद्घाटन असो, दर तीन मिनिटांनी ह्याची पोस्ट पडणार म्हणजे पडणार. अकरा हजार माणसं घरात बसून त्याच्या डोळ्यांनी बघायची.

आता खरं सांगायचं तर ती सगळी डोळ्यांचीच करामत नव्हती. आदल्या दिवशी यादी आणि वेळापत्रक हातात आलं की निम्म्या पोस्ट तो घरीच लिहून ठेवायचा आणि वेळ झाली की बटण दाबायचा. आणि समोर काहीच घडत नसलं की भराव घालायचा. भराव हा त्याचाच शब्द. 'वातावरण शांत आहे, सगळे जोमात आहेत,' असलं काहीतरी. खोटं नाही, पण पाहिलेलंही नाही. तीन मिनिटांपेक्षा जास्त गप्प बसलं की लोक उठून जातात, हे तो अनुभवानं शिकला होता. बाकी एक गोष्ट मात्र तो कटाक्षानं पाळी. टाकलेली पोस्ट पुसायची नाही. चुकलं तर 'दुरुस्ती' असं लिहून नवी टाकायची. याचा त्याला फार अभिमान होता.

त्या दिवशी तलावात पोहण्याची शर्यत होती. पलीकडच्या काठावरून अलीकडे, तीन किलोमीटर. आणि पोहणाऱ्यांत त्याची बायको होती. औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहणारी बाई, अडतिसाव्या वर्षी पाण्यात उतरायला शिकली आणि दोन वर्षं एक सकाळ चुकवली नाही. नारिंगी टोपीवर काळ्या शाईनं तिचा नंबर होता, सत्तावीस.

"माझ्याबद्दल काय लिहिणार आहेस?" पलीकडे नेणाऱ्या नावेत पाय टाकताना तिनं विचारलं.

"हेच, की सत्तावीस नंबरनं पहाटेपासून माझं डोकं खाल्लंय."

"खरंच काही लिहू नकोस. पोचले की लिही."

"आणि नाही पोचलीस तर?"

"तर स्वयंपाक तुझ्याकडे," ती म्हणाली आणि टोपी कानांवर ओढून बसली. नाव लांब जाईपर्यंत तो काठावर उभा होता.

२

बोट क्लबच्या माडीवर त्याला खोली दिली होती. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, अर्धीच उघडणारी खिडकी आणि मोठ्यानं टिकटिकणारं भिंतीवरचं घड्याळ. खिडकीतून शेवटचे तीन-चारशे मीटर तेवढे दिसत. त्यापलीकडचं पाणी आणि आभाळ त्या सकाळी एकाच राखाडी रंगाचं होतं. तिथलं जे काही कळायचं ते टेबलावरच्या वॉकीटॉकीतून. पोहणाऱ्यांच्या मागून एक नाव येत होती, आणि तिच्यावरचा म्हातारा नावाडी मोजकंच बोलायचा.

बरोबर सातला त्यानं तयार ठेवलेली पोस्ट सोडली. 'शिट्टी वाजली. बेचाळीस जण पाण्यात.'

साडेसातला जिना करकरला आणि शिट्टीकाका वर आले. शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालेला माणूस. शर्यत सोडायचं काम त्यांचं. शिट्टी मारून ते मोटरबोटीनं सरळ अलीकडे आले होते.

"अरे, बेचाळीस काय लिहिलंस? खाली लोक मला विचारतायत. बेचाळीस नंबरच्या बाईला ताप भरलाय, ती आलीच नाही. तिची टोपी ही बघ माझ्या खिशात." त्यांनी खिशातून नारिंगी टोपीचं टोक काढून दाखवलं. "एकेचाळीस सोडलेत मी. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून."

"कालच्या यादीवरनं लिहिलं होतं, काका. आत्ता दुरुस्ती टाकतो."

चूक किरकोळ होती. अशा चुका वर्षातून दोनदा व्हायच्या. त्यानं 'दुरुस्ती' एवढं टाइप केलं, आणि वॉकीटॉकी खरखरली.

"पहिल्या पिंपाशी मोजणी झाली," नावाडी म्हणाला. एकेका किलोमीटरवर खुणेला लाल पिंपं सोडली होती, तिथं डोकी मोजायचं ठरलं होतं. "बेचाळीस."

काकांनी वॉकीटॉकी उचलला. "परत मोज. एकेचाळीस हवेत."

बराच वेळ नुसतं पाणी ऐकू आलं. घड्याळाचा काटा दोनदा फिरला.

"दोनदा मोजले साहेब. बेचाळीसच. शेवटच्याच्या टोपीवर नंबर दिसत नाही."

काकांनी वॉकीटॉकी टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "कोणीतरी आगाऊ मागून घुसला असेल. येऊ दे बाहेर, बघतो त्याच्याकडे." आणि ते खाली गेले. त्यानं अर्धवट टाइप केलेली दुरुस्ती पुसून टाकली. आकडा आता बरोबरच होता ना, मग दुरुस्ती कशाची करायची?

३

तरीपण त्याला चैन पडेना. खिडकीशी गेला, परत बसला, परत उठला. लाटांवर वरखाली होणारी डोकी मोजताना कोणीही चुकेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. दोनदा सारखंच चुकेल का, हा प्रश्न मात्र गेला नाही. एखादा हौशी पोहणारा न विचारता उतरला असेल. पण त्याला तशीच नारिंगी टोपी कुठून मिळाली? बाजारात मिळत असेल. बाजारात काय वाट्टेल ते मिळतं.

मधल्या काळात तीन मिनिटं होऊन गेली होती. लोक विचारायला लागले होते, शेवटी कोण आहे, किती मागे आहे. हातानं आपोआप भराव घातला. 'शेवटच्या पोहणाऱ्याला कसलीच घाई नाही. मान पाण्यात, हात एका लयीत, येतोय आपला सावकाश.' छान वाटलं वाचायला. शंभरेक लोकांना लगेच आवडलंही.

पाचेक मिनिटांनी नावाडी आपणहून बोलला. एरवी तो विचारल्याशिवाय बोलत नसे.

"साहेब, तो शेवटचा. मान पाण्यातच आहे त्याची."

"म्हणजे?"

"मघापासून वर केलीच नाही. हात चाललेत एकसारखे. हाक मारली, वल्हं आपटलं, तरी बघत नाही."

"मग श्वास कसा घेतो?"

"तेच म्हणतोय मी," नावाडी म्हणाला.

लाइव्हभाऊनं स्वतःची पोस्ट पुन्हा वाचली. मान पाण्यात. हात एका लयीत. वेळ बघितली. आपण आधी लिहिलं होतं आणि नावाडी नंतर बोलला होता. त्याच्या मानेवर काटा आला, आणि मग स्वतःचाच राग आला. पोहताना मान पाण्यातच असते, त्यात नवल काय? म्हातारा बाजूनं बघतोय, श्वास पलीकडच्या अंगाला घेत असेल. नाव त्याच्या डाव्या हाताला असेल तर दिसणारच नाही. हे कारण चांगलं होतं. ते त्यानं दोन-तीनदा मनात घोळवलं, पण भीती काही पुरती गेली नाही.

म्हणूनच पुढची चूक त्याच्या हातून झाली. घाबरलेला माणूस सोबतीचा विचार करतो. बायको त्या करड्या पाण्यात एकटी कुठेतरी हात मारतेय, हे त्याला सहन होत नव्हतं. काही लिहू नकोस असं तिनं बजावलं होतं, तरी त्यानं लिहिलं. 'सत्तावीस नंबर म्हणजे आमच्या सौभाग्यवती. पण काळजी नको. तिला सोबत मिळाली आहे. कोणीतरी अगदी तिच्या शेजारून, तिच्या हाताशी हात जुळवून पोहतंय.'

पोस्ट गेल्यावर त्याला वाटलं, आपण हे कशाला लिहिलं. असं कोणी त्यानं पाहिलं नव्हतं. शुद्ध भराव होता.

४

"दुसरं पिंप," नावाडी म्हणाला. "बेचाळीस." आणि लगेच, जरा खालच्या आवाजात, "साहेब, तो आता शेवटी नाही."

लाइव्हभाऊ उभाच होता. "कुठे आहे?"

"मधे घुसलाय. कधी गेला ते दिसलंच नाही. सत्तावीसच्या शेजारी आहे. तिनं हात उचलला की हाही उचलतो. अगदी चिकटून."

त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"तिला बाहेर घ्या," तो म्हणाला. "ऐकताय ना? सत्तावीसला नावेत घ्या. माझी बायको आहे ती."

वॉकीटॉकीतून नावाड्याची हाक ऐकू आली, मग वल्ह्याचा आवाज, मग लांबून एक बाईचा आवाज. शब्द कळले नाहीत, पण सूर ओळखीचा होता. घरात कोणी तिच्या हातातून पिशवी घ्यायला गेलं की तो सूर लागायचा.

"नको म्हणतायत. नावेला हात लागला तर बाद धरतील म्हणे. हसल्या माझ्याकडं बघून." नावाडी थांबला. "त्यांना तो दिसत नसावा साहेब. त्या दुसऱ्या अंगाला तोंड काढतात श्वासाला."

दोन वर्षं एक सकाळ न चुकवणारी बाई तिसऱ्या किलोमीटरला नावेत बसणार नव्हती. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तो तलावापासून वीस पावलांवर होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. त्याच्या हातात होता तो फक्त फोन.

त्यानं 'दुरुस्ती' टाइप केलं आणि अंगठा थांबला. बेचाळीस लिहिलं तेव्हा एक वाढला. एकेचाळीस लिहिलं तर एक कमी होईल. पण कोण कमी होईल, हे कसं लिहायचं? त्याला ना नंबर, ना नाव. 'नंबर नसलेला कोणी नाही' असं लिहिलं, आणि पाण्यात एखाद्याच्या टोपीची शाई उडालेली असली तर?

अरे, काय विचार करतोयस तू, असं तो मोठ्यानं म्हणाला. पोस्टनं माणसं वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत. घड्याळ टिकटिकत होतं. 'अगदी चिकटून' हे नावाड्याचे शब्द कानातून जाईनात. शेवटी त्यानं कोण कमी होईल हा विचार सोडून दिला आणि लिहिलं, 'दुरुस्ती: पाण्यात एकेचाळीस जण उतरले आहेत, बेचाळीस नव्हे. क्षमस्व.' आणि बटण दाबलं.

५

"मोजले," थोड्या वेळानं नावाडी म्हणाला. "एकेचाळीस."

"सत्तावीस आहे का?"

"आहे ना. ही काय समोर, नारिंगी टोपी, सत्तावीस. एकटीच आहे आता."

त्यानं कपाळ टेबलावर टेकलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. किती वेळ तसा बसला कोण जाणे. खाली टाळ्या वाजायला लागल्या होत्या. पहिले पोहणारे बाहेर येत होते आणि काका टोप्यांवरचे नंबर वाचत होते. नऊ. तेहेतीस. चौदा. तो खिडकीशी उभा राहिला. एकेक नंबर त्यानं इमानदारीनं पोस्ट केला, भराव एकही नाही.

"सत्तावीस," काका ओरडले.

पाण्यातून ती उठली. टोपी तीच, निळा पोहण्याचा पोशाख तोच. काकांनी तिचा पिवळा टॉवेल तिच्या डोक्यावरून टाकला. खाली धावायच्या आधी त्यानं लिहिलं. 'सत्तावीस नंबर पोचली! आमची बाई पोचली!' तोवर जिना करकरला आणि ती वर आली. दाराजवळच्या खुर्चीत बसली. टॉवेल डोक्यावरून पुढे ओढलेला, मान खाली.

"शाब्बास गं," तो म्हणाला. "जीव काढलास माझा. चहा सांगू?"

ती बोलली नाही. दमली असेल. खुर्चीखाली पाणी ठिबकत होतं.

"स्वयंपाकातून सुटलो म्हणायचं मी." तो हसला, आणि त्याचं हसू एकट्याचंच राहिलं. "अगं, वर तरी बघ."

तीन किलोमीटर पोहून आलेलं माणूस धापा टाकतं. सकाळच्या सरावानंतरही तिची छाती पाव तास वरखाली होत असे. तो टॉवेलकडे बघत राहिला. टॉवेल अजिबात हलत नव्हता.

"एकेचाळीस पुरे झाले," वॉकीटॉकीतून नावाडी म्हणाला. "पाणी मोकळं आहे. नाव फिरवतो आता." मग खरखर. "थांबा. मागं कोणीतरी हाक मारतंय."

"कोण?"

"दिसत नाही. बाईचा आवाज आहे. 'लाइव्ह, लाइव्ह' असं काहीतरी ओरडतेय."

६

जगात त्याला नुसतं लाइव्ह म्हणणारं एकच माणूस होतं.

"नाव वळवा," तो किंचाळला. "तीच आहे ती."

"वळवलीय साहेब. आवाज येतो, पण माणूस सापडेना. नुसतं पाणी दिसतंय सपाट. आता आवाजही कमी झालाय."

कसा सापडेल? एकेचाळीस पुरे झाले होते. सत्तावीस पोचली होती. त्यानंच तर तसं लिहिलं होतं, अकरा हजार लोकांना. पाण्यात आता कोणी असायला जागाच उरली नव्हती.

खुर्ची त्याच्या पाठीमागे चार पावलांवर होती. खुर्चीतली सत्तावीस नव्हे, असं लिहावं का, हे त्याच्या मनात येऊन गेलं. पण एक कमी करायचा प्रयत्न त्यानं एकदा केला होता, आणि कोण कमी झालं ते आता पाण्यातून ओरडत होतं. पुन्हा तो खेळ करायची त्याची छाती नव्हती. उरला एकच आकडा. तो लिहिला तर बायको राहील. आणि जे खुर्चीत आहे तेही राहील, कायमचं. हे त्याला लख्ख समजत होतं. त्यानं डोळे उघडे ठेवून लिहिलं.

'दुरुस्ती: बेचाळीसच. एकेचाळीस बाहेर आले आहेत. बेचाळिसावी अजून पाण्यात आहे, जिवंत आहे, आणि नाव तिच्यापाशी पोचली आहे.'

बटण दाबलं. गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. सिग्नलची एक रेघ होती, तीही गेली आणि परत आली. मागून ठिबकण्याचा आवाज थांबला होता. खुर्चीचा पाय फरशीवर किंचित सरकला. त्यानं वळून पाहिलं नाही. चक्र थांबलं.

"मिळाली," नावाडी ओरडला. त्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "अहो, इथंच आहे, नावेला लागून. टोपी नाही डोक्यावर, म्हणून दिसली नसेल. धरलंय मी त्यांना. शुद्धीवर आहेत."

७

खुर्चीकडे न बघता तो धावत जिना उतरला. काठावर तिला मिठीत घेतलं तेव्हा ती कुडकुडत होती आणि कुरकुरत होती. नावेत घेतलं म्हणून बाद केलं होतं तिला. टोपी कधी निघाली ते कळलंच नाही म्हणाली. एकाएकी सगळे दिसेनासे झाले, काठही दिसेना, म्हणून ओरडले, म्हणाली. तो तिचे ओले केस हातानं पिळत राहिला. ती धापा टाकत होती आणि तो त्या धापा ऐकत होता. एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

"माझा टॉवेल कोणी घेतला?" तिनं विचारलं. त्यानं आपलं जाकीट तिच्या खांद्यांवर घातलं.

फाटकापाशी शिट्टीकाका वही घेऊन उभे होते. "बेचाळीस," ते म्हणाले. "मीच चुकलो असेन सकाळी. वय झालं बाबा." दुसऱ्या हातानं ते खिसा चाचपत होते. खिशात टोपी नव्हती. मग त्यांनी लाइव्हभाऊच्या खांद्यामागे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "गाडीत जागा आहे ना रे सगळ्यांना?"

तो गाडीत बसला. बायको शेजारी बसली. तिनं आपलं दार लावलं, त्यानं आपलं लावलं. त्यानंतर आणखी एक दार लागलं.

त्यानं आरसा वर छताकडे वळवून टाकला आणि गाडी काढली. रस्त्यावर ऊन होतं, दुकानं उघडत होती. फोन खिशात थरथरत होता. लोक विचारत होते, पुढे काय झालं, बेचाळिसावी सुखरूप ना. त्यानं फोन बंद केला. बायकोनं जाकीट घट्ट लपेटून घेतलं. हीटर चालू असूनही मागून गार येत होतं, आणि सीटवर पाणी ठिबकत असल्याचा आवाज येत होता. ती मान वळवायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. पुन्हा समोर बघायला लागली.

"अरे," शेवटी ती हळूच म्हणाली, "गाडीत आपण दोघंच आहोत ना?"

'हो' अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. हो म्हटलं की दोघंच उरणार. पण कोण दोघं?

त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात काढून तिचा गार हात धरला.

"मोजू नकोस," तो म्हणाला.